पाच वाकळा कबूल केल्यात, तिथं गाडी अडली

या वेळचं पत्र लांबलचक होतं. जागेपुरतं कापून देते, शब्द मात्र त्यांचेच आहेत.

"ताई, मी माण तालुक्यात एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. द्विशिक्षकी शाळा, पट २९. घरापासून २४ किलोमीटर, स्कूटीवर जाते. वय ४३. मिस्टर पतसंस्थेत आहेत, मुलगा यंदा दहावीला, मुलगी सहावीत. सासूबाई ७४ वर्षांच्या. मला चिंध्यांच्या वाकळा (गोधड्या) शिवायचा नाद आहे. लॉकडाऊनमध्ये लागला. पहिली वाकळ मुलीला केली, तिचा फोटो स्टेटसला ठेवला आणि मागण्या सुरू झाल्या. आता पाच कबूल करून बसले आहे. नणंदेला एक, एका मैत्रिणीला एक (तिनं तिच्या वारलेल्या आईची दोन लुगडी आणून दिली आहेत), केंद्रातल्या (आजूबाजूच्या शाळांच्या गटातल्या) एका मॅडमना एक, आणि दोन बाळांची दुपटी. पलंगाखाली चार बोचकी आहेत. रात्री साडेदहाला सुई घेते आणि डोळा लागतो. रविवारी बसले तर वाटतं, मुलाजवळ बसायला हवं. शाळेत असले की घर दिसतं, घरी असले की ग्रुपवर 'तात्काळ माहिती पाठवा' येतं. मिस्टर म्हणतात, एवढं करतेस तर विक, चार पैसे तरी येतील. सासूबाई म्हणतात, घराचा उकिरडा केलाय. मागच्या महिन्यात शाळेतून आले तर त्यांनी माझ्या वाकळेच्या कोपऱ्यातले वीतभर टाके उसवून ठेवले होते. दोरा कागदाला गुंडाळून बाजूला ठेवला होता. मी बोलले काही नाही, मोरीत जाऊन रडले. हल्ली उजव्या हाताला रात्री मुंग्या येतात, बोटं जड होतात. मला वेळ जमवता येत नाही. हे सगळं बंद करावं का? की शाळेतच उपक्रम म्हणून घ्यावं, म्हणजे वेळेचा प्रश्न सुटेल? — एक वाकळवाली."

वाकळवाली बाई,

तुम्ही हाताचं सगळ्यात शेवटी लिहिलंत, मी तिथूनच सुरुवात करते. खडू, स्कूटीचा अॅक्सिलरेटर, मोबाइल आणि सुई, या चारही गोष्टी तुमचा उजवा हातच धरतो. मनगटातली नस दबली की रात्रीच्या अशा मुंग्या येतात, हे एक नेहमीचं कारण. पण मानेमुळे, साखरेमुळे, थायरॉइडमुळेही येऊ शकतात आणि ते पत्रावरून कुणी सांगू नये. या आठवड्यात डॉक्टरांना हात दाखवा. तोवर सुई बंद. पाचही वाकळा तोवर थांबतील, त्यांना काही घाई नाही.

आता हिशेब. मी ३१ वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं, तेव्हा माझ्याकडून दुसरं काय येणार!

एका माणसाची वाकळ चार फूट बाय सहा फूट धरू. म्हणजे २४ चौरस फूट. अर्ध्या इंचावर ओळ घेतली तर एका चौरस फुटात २४ ओळी बसतात, प्रत्येक फूटभर लांबीची. २४ गुणिले २४, म्हणजे ५७६ फूट धावदोरा. चार-पाच थरांतून सुई काढायची तर एका फुटाला तीन मिनिटं लागतात. हे मी घड्याळ समोर ठेवून पाहिलंय, तुमचा हात कदाचित माझ्याहून चपळ असेल. १,७२८ मिनिटं झाली, साधारण २९ तास. यात चिंध्या निवडणं, धुणं, कापणं, जोडणं, अंथरणं काहीच धरलेलं नाही, फक्त टाके. अडीच बाय तीनच्या दुपट्याला १८० फूट, म्हणजे नऊ तास. तीन वाकळा आणि दोन दुपटी, मिळून १०५ तास. साडेदहानंतर डोळा लागेपर्यंतची वीस मिनिटं रोज नेमानं दिलीत, तरी ३१५ दिवस. त्यात नवरात्र, लग्नसराई, मुलाची परीक्षा, कुणाचा ताप, काही धरायचं नाही.

आणि तुमचा आठवडा? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास लिहिलेत, तयारी धरून. जाण्यायेण्याचे नऊ धरू. घरकामासाठी २०१९ चं सरकारी वेळ-वापर सर्वेक्षण घेते: देशात घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात. म्हणजे पाच तास, आठवड्याला ३५. तुमचं याहून फार कमी असेल असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही. सात तास झोप धरली (घेताय का?) तर ४९. बेरीज १३८. आठवड्यात तास असतात १६८. उरले ३०, आणि त्यात अंघोळ, जेवण, मुलांशी बोलणं, बाजार, दवाखाना, पै-पाहुणे, मतदार यादी.

तुम्ही लिहिलंत, "मला वेळ जमवता येत नाही." अहो, जमवायला तो असावा लागतो. घरात नसलेल्या दुधाचं दही लागत नाही म्हणून विरजणाला दोष देताय तुम्ही.

तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला एक गोष्ट दिसली. पहिली वाकळ तुम्ही मुलीसाठी शिवलीत, तिच्याबद्दल लिहिताना कुठंही 'वेळ' हा शब्द नाही. तेव्हाही शाळा होती, ऑनलाइन वर्गांची कटकट होती, सगळे घरातच होते. ती वाकळ कधी पूर्ण व्हावी हे कुणी ठरवलेलं नव्हतं. स्टेटसवर फोटो गेला आणि पाच जणींच्या घरी तुमची तारीख लागली. आता दिवसभर माहिती पाठवायची, रात्री वाकळ पाठवायची. ज्या गोष्टीनं तुम्हाला शाळेतून सोडवायचं, तिचंच तुम्ही दुसरं कार्यालय केलंत.

म्हणून माझं उत्तर: वाकळ बंद करू नका, कबुली बंद करा. आणि दिलेल्या पाचांपैकी तीन परत घ्या.

परत कशी घ्यायची हेही सांगते, कारण 'नाही म्हणायला शिका' असं सांगणारे पुष्कळ असतात, नाही म्हणायचं वाक्य कुणी देत नाही. केंद्रातल्या मॅडम सगळ्यात अवघड, कारण तिथं नातं कामाचं आहे, म्हणून त्यांना आधी सांगा आणि तोंडी सांगा: "मॅडम, हाताला मुंग्या येताहेत, डॉक्टरांकडे जातेय. सुई सध्या बंद. वर्षभर तरी जमेल असं वाटत नाही, तुम्ही वाट बघू नका." एवढंच. 'बघते', 'मेमध्ये प्रयत्न करते' हे शब्द त्यात येऊ द्यायचे नाहीत. तुम्हाला ते घालायचा मोह होणार. बाईमाणसाला 'नाही'नंतर लगेच 'पण' लावायची सवय असते, मलाही होती.

मैत्रिणीचं वेगळं आहे. आईची लुगडी तिनं विश्वासानं दिलीत, ती नुसती परत केली तर तिला लागेल. पण तिच्या आईच्या लुगड्यांतून टाका तिनं का घालू नये? तिला रविवारी बोलवा. नऊवारी म्हणजे २७ फूट. चार सारखे भाग केले की एकेक पावणेसात फुटांचा. पन्हा जवळजवळ चार फूट असतो, म्हणजे एकाच लुगड्यात एका माणसाच्या वाकळेचे चारही थर निघतात, मधे दंड (जोडशिवण) घालावा लागत नाही. दुसरं लुगडं तिला घडी करून परत द्या, आईची एक तरी वस्तू अखंड राहू दे. मग दोघींनी मिळून थर अंथरा, तळहातानं मधून कडेकडं सुरकुत्या काढा, कडा आत मुडपा, कच्चे टाके घाला. वर तुमच्याकडचे रंगीत चौकोन बसवायचे तर तेही त्याच दिवशी. संध्याकाळी वळकटी करून तिच्या स्कूटीवर द्या. पुढचे २९ तास तिचे. तिला वर्ष लागेल, दोन लागतील. तिची आई आहे ती.

नणंदबाई मे महिन्यात माहेरपणाला येत असतील ना? तेव्हा वाकळ अंथरायची आणि त्यांना एका बाजूला बसवायचं. ही काही मी काढलेली युक्ती नाही. आपल्याकडं वाकळ ही कधी एकटीनं रात्री साडेदहाला शिवायची गोष्ट नव्हतीच. उन्हाळ्यात शेतात काम नसतं, जेवणं उरकली की सोप्यात नाहीतर झाडाखाली वाकळ अंथरायची आणि चौघी चार बाजूंनी बसायच्या. कडेनं सुरुवात करून आत आत सरकायचं, म्हणून तर कित्येक जुन्या वाकळांवर टाके चौकोनात चौकोन असे फिरत जातात. २९ तासांना चारनं भागा. सव्वासात तास होतात, दोन दुपारी. पुढच्या दोन दुपारी दुसरीची वाकळ. आपण तेच काम एकटीच्या डोक्यावर घेतलं, वर त्याला 'मी-टाइम' असं नाव दिलं.

राहिली दोन दुपटी. ती करा. लहान आहेत, मांडीवर मावतात, १८ तासांचं काम आहे, आणि बाळं चालायला लागायच्या आत व्हायला हवीत. त्यात तेवढं एक पाहा: बाळाच्या अंगाला लागणारं कापड जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुतीच हवं. तुमच्या बोचक्यात शिंप्याकडची कातरणं असणारच. ती नवी असतात. आधी गरम पाण्यात एकेकटी भिजवा, रंग जातो का बघा, वाळवा. नवं कापड नंतर आटतं आणि शेजारच्या विरलेल्या सुताला ओढून फाडतं. सिंथेटिक साड्यांचे तुकडे दुपट्यातून सरळ काढून टाका, मोठ्या वाकळेतूनही काढलेत तर बरं. सुई त्यातून नीट जात नाही, थर एकमेकांवरून घसरतात, घाम टिपला जात नाही. तुमच्या बोटांचं दुखणं थोडं तिथूनही आलेलं असू शकेल.

विकण्याबद्दल. मिस्टरांचं मन चांगलं असेल, पण तुम्ही जिल्हा परिषदेच्या कर्मचारी आहात. जिल्हा परिषद जिल्हा सेवा वर्तणूक नियम १९६७ पासून आहेत. परवानगी न घेता खासगी धंदा त्यात चालत नाही, आणि बायकोच्या नावानं, भावाच्या नावानं असले उद्योग करणाऱ्यांचं पुढं काय होतं ते तुम्ही स्टाफरूममध्ये ऐकलेलं असेल. नियम बाजूला ठेवले तरी हिशेब बसत नाही. ताशी ५० रुपये मजुरी लावली तर नुसत्या टाक्यांचे १,४५० झाले. चिंध्या जोडायची मजुरी वेगळी. गिऱ्हाईक हातात घेऊन विचारणार, "जुन्या साड्यांचीच ना ही?" त्या प्रश्नाला हसून उत्तर द्यायची ताकद तुमच्यात असती तर तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं.

शाळेत उपक्रम? मुळीच नको. मला माहीत आहे हे वाचून काही जणी नाराज होणार, कारण कल्पना दिसायला छान आहे: मुलं, सुया, रंगीबेरंगी चिंध्या, हसरे चेहरे. पण पुढं काय होतं तेही आपल्याला ठाऊक आहे. फोटो. फोटोची लिंक. अहवाल, दोन प्रतींत. केंद्रात सादरीकरण. मग शेजारच्या शाळेच्या बाई विचारणार, "तुम्ही केलंत, आम्हालाही करायला सांगतात, कुठून काढलंत हे?" आणि पाचांच्या जागी पन्नास वाकळांची कबुली होऊन बसेल. कार्यानुभवाच्या तासाला मुलांना धावदोरा आणि बटण लावणं जरूर शिकवा, मुलग्यांनाही, तो विषयच आहे. पण तुमची वाकळ शाळेच्या फाटकातून आत नेऊ नका. एक वस्तू अशी असू द्या जिची नोंद कुठल्याच रजिस्टरला नाही.

ग्रुपवरच्या 'तात्काळ'बद्दल मी फार बोलणार नाही, मी निवृत्त झाले तेव्हा हा ताप इतका नव्हता आणि बाहेर बसून सल्ला देणं सोपं असतं. निवडणूक, जनगणना, आपत्ती ही कामं कायद्यानंच शिक्षकाला लावता येतात, तिथं वाद घालून उपयोग नाही. बाकीचं रात्री साडेआठला एकदा बघून फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवता येतो का, ते पाहा. झोपायच्या खोलीत नको.

घरातल्या ३५ तासांबद्दल मात्र बोलते. त्याच सर्वेक्षणात घरकामात हात घालणाऱ्या पुरुषांची मिनिटं आहेत ९७, आणि मुळात हात घालणारेच थोडे. मिस्टरांना हा आकडा वाचून दाखवा. भांडायचं नाही, पतसंस्थेतला माणूस आकडा समजून घेतो. त्यांना "मदत करा" म्हणू नका, काम नेमून द्या: सकाळचे चारही डबे भरणं आणि रात्रीची भांडी. चुकतील. भाजीचा रस्सा डब्याबाहेर येईल आठ दिवस. नवव्या दिवशी झाकण घट्ट लागेल. तुम्ही मात्र मधे जाऊन झाकण लावायचं नाही, इथं बहुतेक घरांत घोडं पेंड खातं.

मुलाचं सांगू? दहावीच्या मुलाला आई शेजारी बसलेली चालते, बोलणारी चालत नाही. हात बरा झाला की रविवारी तो टेबलाशी, तुम्ही खाली सतरंजीवर, मांडीवर दुपटं. त्यानं विचारलं तर उत्तर द्यायचं, नाहीतर टाका घालायचा. 'किती झालं?' हा प्रश्न त्याला विचारायचा नाही आणि स्वतःलाही नाही. माझ्या थोरल्याच्या दहावीला मी त्याच्यासमोर वर्षभर पेपर तपासत बसले होते. तो आजही म्हणतो, तुझ्या लाल पेनाचा आवाज यायचा तेव्हा मला झोप यायची नाही. आता हे कौतुक की तक्रार, मी विचारलेलं नाही.

माझंही एक सांगते, म्हणजे मी हे सगळं कुठून बोलतेय ते कळेल. माझं माहेर कागलजवळचं. आई गेली तेव्हा तिची एक वाकळ अर्धी राहिली होती. तीन बाजू झालेल्या, चौथीला नुसते कच्चे टाके. मी हट्टानं मागून आणली, भावजयीला म्हटलं, आईची आहे, मी पुरी करणार. माळ्यावर ठेवली. मग बोर्डाचे पेपर, मग सासऱ्यांचं आजारपण, मग मुलीचं लग्न. दर दिवाळीला माळा झाडताना तिच्याकडं बघायचे आणि दर दिवाळीला माझ्याच नजरेत मी थोडी खाली यायचे. निवृत्त झाल्यावर काढली. ११ वर्षं झाली होती. आईनं शेवटचा टाका अर्धा घालून सुई तिथंच खोचून ठेवली होती. ती गंजली होती. ओढायला गेले तर अर्धी हातात आली, अर्धी आत राहिली, आणि बापूंच्या निळ्या पट्ट्यांच्या लेंग्याचा जो तुकडा होता त्यावर करंगळीएवढा तांबूस डाग पडला होता. चष्मा लावून, डाव्या हातानं चाचपत, चिमट्यानं तो उरलेला तुकडा काढला. चौथी बाजू मी पुरी केली नाही. माझे टाके आईच्या टाक्यांशेजारी फार वेंधळे दिसले. तशीच वापरायला काढली. नातू तिच्यावर लोळतो, कच्चे टाके एकेक निघतात, मी ते पुन्हा घालते.

त्यातून मी शिकले ते एवढंच, आणि तेवढं तुम्हीही करा: अर्धवट ठेवायची तर सुई काढून ठेवा.

म्हणजे कामाची मांडणीही जरा बदलायला हवी. रोज रात्री आख्खी वाकळ अंथरायची, वीस मिनिटं शिवायची, पुन्हा गुंडाळायची, यात तुमची अर्धी शक्ती जाते. हात बरा झाला की वर्षभर फक्त चौकोन जोडायचे. वीतभराचे चौकोन, चार चारांचे गठ्ठे, एक शबनम, आणि बिस्किटांच्या त्या पत्र्याच्या डब्यात सुया-दोरा-कात्री. डॉक्टरकडं नंबर लागेपर्यंत दोन चौकोन होतात, मुलीच्या क्लासबाहेर तीन. अंथरायचं काम फक्त मेमध्ये, चौघी असताना. आणि पलंगाखालची चार बोचकी एका सुट्टीत जमिनीवर ओता. सुती एकीकडं, बाकीचं एकीकडं. बाकीचं देऊन टाका, पुसायला घ्या, काहीही करा. सुती स्वच्छ धुऊन, कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून एकाच गाठोड्यात बांधा. त्यात मावेल तेवढंच कापड घरात राहील, नवीन चिंधी आली की जुनी शिवली गेलेली असली पाहिजे. 'उकिरडा' हा शब्द तुम्हाला लागला, पण चार बोचकी पलंगाखाली म्हणजे झुरळांची सोय, हे तुम्हालाही पटेल.

आणि त्यावरून सासूबाई. पत्रातलं टाके उसवल्याचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यांनी आख्खी ओळ उसवली नाही, वाकळ फेकली नाही. कोपऱ्यातले वीतभर टाके उसवले, आणि दोरा तोडला नाही. कागदाला गुंडाळून बाजूला ठेवला. रागानं उसवणारी बाई दोरा गुंडाळत बसत नाही.

७४ वर्षांची माणमधली बाई. थंडी तुमच्याकडं कशी पडते ते तुम्हाला मी सांगायला नको. विकतची रजई गावात यायच्या आधी या बाईनं किती वाकळा शिवल्या असतील, किती वेळा घट बसायच्या आधी त्या ओल्या वाकळा पिळून दगडावर आपटल्या असतील, तुम्ही कधी विचारलंय? वाकळेचा कोपरा वळताना दोरा जरा ताणला गेला की तिथं चुणी धरते. वरून कळत नाही. एकदा धुतली की कोपरा वर उचलतो आणि वाकळ पुन्हा कधी सपाट बसत नाही. रात्री साडेदहाला पेंगत वळवलेला कोपरा ताणलेला असणार, हे मी न बघता सांगू शकते. चुणी काढायचा उपाय एकच, मागचे वीतभर टाके उसवायचे आणि दोरा सैल सोडून पुन्हा घालायचे. त्यांनी बरोबर तेवढंच केलंय. पुढचं का केलं नाही? सुईत दोरा ओवता आला नसेल. किंवा तुमची वाट बघत असतील.

माझं चुकतही असेल. सासवा मी पाहिल्यात, एक तर घरातच होती, आणि नुसत्या वैतागानं उसवणाऱ्याही असतात. पण तुम्ही मोरीत जाऊन रडलात, त्यांना विचारलं नाहीत, म्हणून ते ना तुम्हाला ठाऊक, ना मला. तो कोपरा त्यांच्यासमोर नेऊन ठेवा आणि म्हणा, "आत्याबाई, इथं काय चुकलं होतं?" (तुम्ही त्यांना काय म्हणता ते तुम्ही जाणे, पत्रात लिहिलेलं नाही.) उत्तर आलं तर सुईत दोरा तुम्ही ओवून द्या, जाड सुती दोरा, दुहेरी, हातभरापेक्षा लांब नको, नाहीतर गुंता होतो. एकदम आठ-दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवल्यात तर तुम्ही शाळेत असताना त्यांना कुणाची वाट बघावी लागणार नाही. संध्याकाळी मोजून काढून घ्या मात्र, घरात उशीत राहिलेली सुई म्हणजे खेळ नाही.

अंगुस्ताना, म्हणजे शिवताना बोटाला घालायची टोपी, तुम्ही वापरत नसाल, वापरणाऱ्या बाया बोटांची तक्रार जरा वेगळी लिहितात. मुंग्या त्यानं जाणार नाहीत, पण बोटाच्या पेराचा त्रास तरी वाचेल. गावातल्या मॅचिंग सेंटरमध्ये मिळतो, पितळी बघा, प्लॅस्टिकचा चौथ्या थराला फुटतो. दोन घ्या. सासूबाईंच्या बोटाचं माप आधी दोऱ्यानं घेऊन जा, त्यांचं बोट तुमच्याहून बारीक निघेल.